नायगारा झाला की दीड तास पुढे जा: शटॉक्वा, न्यूयॉर्क राज्य (गुडघे तपासून)

५ पैकी ४ स्टार. एक स्टार चढासाठी कापलाय. तलावातल्या शेवाळाबद्दलही तक्रार आहे पण त्यासाठी स्टार कुणाचा कापणार.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्या वयाच्या कुणाचेही फोटो बघा, एक फोटो सगळ्यांचा सेम असतो. नायगारा, अंगावर तो निळा प्लास्टिकचा रेनकोट, आणि मागे पांढरं धुकं, त्यात धबधबा आहे असं आपण समजून घ्यायचं. आमचाही आहे. पण आमच्या लेकीचं सासर (जावई तिकडचाच, ओहायोचा) उन्हाळा त्याच बाजूला काढतं, बफेलोपासून साधारण १२० किलोमीटरवर शटॉक्वा नावाच्या तलावाकाठी, त्यामुळे दोन उन्हाळे मिळून आम्ही तीन आठवडे तिथे राहिलो आणि मराठीत कुणी ह्या जागेबद्दल धड लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून लिहितेय. स्पेलिंग बघून आमचे हे पहिला आठवडाभर 'चौटाक्वा' म्हणत होते. शटॉक्वा म्हणायचं. कुणी हसत नाही, पण दुसऱ्यांदा हळूच बरोबर उच्चार करून दाखवतात.

बहुतेकांनी हे नाव ऐकलं असेल ते ऑगस्ट २०२२ मध्ये, सलमान रश्दींवर हल्ला झाला तो इथल्याच स्टेजवर. आता आत जाताना तपासणी असते, ती असूच दे. विहीणबाई त्या दिवसाबद्दल एकदाच बोलल्या, त्याही भांडी पुसता पुसता, आणि मी पुढे विचारलं नाही.

तर ही जागा नक्की काय आहे हे मला पहिल्या वर्षी कुणालाच सांगता येईना. लेक म्हणाली रिसॉर्ट नाहीये गं आई. जावई म्हणाला समर कॅम्प, पण मोठ्यांचा. विहीणबाई म्हणाल्या, घर. शेवटी मीच माझ्यापुरतं ठरवलं की वसंत व्याख्यानमाला, आजोळ आणि एक अख्खं ओसऱ्यांचं गाव ह्या तिन्हीला मिळून एक कुंपण घातलं की जे होईल ते. उगाच नाही म्हणत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली आणि हे १८७४ चं, म्हणजे एका वर्षाने मोठं भावंड. तेही उन्हाळ्यातलंच. लुइस मिलर म्हणून ओहायोतला कापणी यंत्रांचा कारखानदार आणि जॉन व्हिन्सेंट नावाचे एक मेथडिस्ट पाद्री, ह्या दोघांनी संडे स्कूलच्या (म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या) शिक्षकांना दोन आठवडे तलावाकाठी बोलावून शिकवायचं ठरवलं, लोक तंबू ठोकून राहिले, आणि मग त्यांना परत जावंसंच वाटेना. मिलरची मुलगी मीना १८८६ मध्ये एडिसनला दिली, हो तोच, बल्बवाला, म्हणजे एडिसन ह्या गावचा जावई. मिलरचं १८७५ चं कॉटेज अजून उभं आहे.

तंबूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्लॉट पाडले ते तंबूच्या मापाने. नंतर त्याच प्लॉटवर लाकडी घरं उठली, दोन दोन तीन तीन मजली, प्रत्येकाला पुढे ओसरी, वर पण ओसरी, आणि दोन घरांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढंच अंतर. शेजारच्यांनी कॉफी ढवळली तरी आपल्याला ऐकू येते. अमेरिकेत उपनगरात राहून आलेल्यांना माहितीये तिथे दिवसचे दिवस माणूस दिसत नाही, आमच्या लेकीच्या गल्लीत तर मी टपाल आणणाऱ्या माणसाची वाट बघायचे, नुसतं तोंड बघायला. आणि इथे? ओसरीवर बसलं की पाच मिनिटांत तिसरा माणूस थांबून विचारतो, सकाळचं व्याख्यान कसं वाटलं. गाड्या बाहेरच्या पार्किंगमध्ये, सामान उतरवण्यापुरती काय ती आत आणायची, मग पायी किंवा सायकल. पोरं सकाळी सायकलवर जातात ती जेवायला उगवतात. मुलांचा क्लब १८९३ पासून चालू आहे, माझी नात त्यात जाते, तिचा बाप जायचा, त्याचा बाप पण जायचा.

सीझन नऊ आठवड्यांचा, जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. दर आठवड्याला एक विषय घेतात आणि त्यावर आठवडाभर व्याख्यानं. मुख्य सभागृहाला सगळे 'ॲम्प' म्हणतात, अँफिथिएटर, टेकडीच्या घळीत उतरत जाणारी बाकं, वर छप्पर, बाजूंनी उघडं, चारेक हजार माणूस सहज बसतं. बाकं लाकडी आहेत, उशी न्या, हे मी ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट इथे १४ ऑगस्ट १९३६ ला बोलले होते, युद्धाचा मला तिटकारा आहे असं त्यांचं ते गाजलेलं भाषण इथलंच. विहीणबाईंच्या सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या, हजर होत्या, आणि त्यांना आयुष्यभर एवढंच आठवायचं की पुढच्या बाकावरच्या बाईची हॅट आडवी येत होती. इतिहासाला हजर असणं म्हणजे बहुतेक असंच असावं.

गाणंबजावणं पण भरपूर. तलावापासून लांब, वरच्या अंगाला लाकडी खोपटी आहेत रियाजाची, गर्श्विन ह्या अमेरिकन संगीतकाराने १९२५ मध्ये त्यातल्याच एकात बसून पियानो आणि वाद्यवृंदाच्या एका रचनेवर, कॉन्चेर्तोवर, काम केलं होतं. आता तिथून जाताना एकाच वेळी तीन व्हायोलिन आणि एक बाई वेगवेगळं गात असतात. ह्यांना फार आवडलं ते, रोज संध्याकाळी तिकडेच फिरायला जायचे.

आता घर. खरं सांगायचं तर ह्या जागेचा रिव्ह्यू म्हणजे त्या घराचाच रिव्ह्यू आहे, कारण नुसता दिवसाचा पास काढून गेलात तर तुम्हाला सुंदर जुनी घरं दिसतील, चांगलं व्याख्यान ऐकाल, आइस्क्रीम खाल आणि परत याल, आणि म्हणाल की ठीक आहे, एवढं काय त्यात. कुणाच्या तरी ओसरीवर बसायला मिळालं पाहिजे.

जावयाच्या खापरपणजोबांनी हे घर घेतलं. माझी नात सहाव्या पिढीची. घरात एसी नाही, खिडक्या काठीने टेकवायच्या, जाळीच्या दाराला स्प्रिंग आहे ते दार धाडकन आपटतं आणि आपटण्याच्या आवाजावरून घरातल्यांना कळतं कोण आलं. पण मला जे सगळ्यात आवडलं ते म्हणजे चिठ्ठ्या. अख्ख्या घरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या नळावर, पिवळ्या पडलेल्या कागदावर, तिरक्या सुंदर अक्षरात: 'डावीकडे. थांबा. मग उजवीकडे.' ही जावयाच्या पणजीची. ती वारली १९६१ मध्ये. नळ अजून तसाच आहे, डावीकडे फिरवा, थांबा, आत काहीतरी घुरघुरतं, मग उजवीकडे. मी बँकेत ३४ वर्षं काढलेली बाई, मला राहवेना, मी म्हटलं प्लंबर बोलवा की एक. विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नळ दुरुस्त केला तर चिठ्ठी काढावी लागेल.

फ्रिजवर एक: 'दार पायाने लावू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मग कशाने?' जिन्यावर: 'तिसरी पायरी बोलते. रात्री वगळा.' आमच्या खोलीच्या दारामागे होती, आणि ती मी वेळेवर वाचली असती तर बरं झालं असतं: 'वटवाघूळ आल्यास दिवा बंद, खिडकी उघडी, किंचाळू नये.' शटॉक्वाला वटवाघळं खूप, त्याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे, डास खातात म्हणून, त्यांच्यावर माहिती सांगायचे कार्यक्रम होतात चक्क. रात्री अडीचला आमच्या खोलीत एक फिरायला लागलं. मी किंचाळले, मराठीत. ह्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतून सूचना दिल्या. खाली झोपलेले जावईबापू टॉवेल घेऊन आले ते तिसऱ्या पायरीवर पाय देऊन, म्हणजे उरलेलं घर पण उठलं. सकाळी ओसरीवरून जाणाऱ्या एका अनोळखी आजोबांनी विचारलं, काल रात्रीचं वटवाघूळ गेलं का. मी म्हटलं ना, कॉफी ढवळलेली ऐकू येते.

आणि मालकी. हे ऐका, हे आपल्या लोकांना जास्त कळेल. घराचे आज अकरा वाटेकरी आहेत, चुलत आत्ते मामे मिळून, सगळीकडे पांगलेले. सीझन नऊ आठवड्यांचा, अकरा वाटेकरी, आणि वर दोन आठवडे घर भाड्याने द्यावं लागतं टॅक्स आणि छपराचा खर्च निघायला. म्हणजे सात आठवड्यांत अकरा. ह्यांनी काय केलंय तर घराची कंपनीच केलीय. दर ऑक्टोबरला व्हिडिओ कॉलवर मिटिंग, इतिवृत्त लिहितात, ठराव पास करतात, आठवडे पाळीपाळीने फिरतात आणि वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावतात. नवा टोस्टर घ्यावा का ह्यावर दोन वर्षं चर्चा झाली. मी हसले होते आधी. मग आमच्या गावचा वाडा आठवला, चार भावांची चार कुलपं, एकमेकांना न सांगता लावलेली, आत वाळवी, आणि कोर्टात तारीख पे तारीख. टोस्टरवर दोन वर्षं घालवलेली परवडली.

अर्थात भाऊबंदकी इंग्रजीतही होते, सगळं गोड आहे असं समजू नका. १८९३ चं जुनं ॲम्प पाडून त्याच जागी नवं बांधलं, ते २०१७ मध्ये उघडलं, त्यावरून गावात बरेच वाद झाले होते म्हणे, आणि आमच्या ह्या घरातले दोन मावसभाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचा आठवडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तेव्हा हा मागच्या दाराने निघतो आणि तो पुढच्या दाराने येतो. पण चादरी धुऊन घड्या घालून ठेवलेल्या असतात. ते मात्र चुकत नाही.

तलावाबद्दल. साधारण २७ किलोमीटर लांब, मधोमध कमरेत चिमटलेला, बीमस पॉइंटपाशी, तिथे १८११ पासून फेरीबोट चालू आहे, जरूर बसा, बसेपर्यंत पोचता. उत्तरेकडचा भाग खोल, दक्षिणेकडचा उथळ. मला भूगोलाची आवड म्हणून एक गंमत सांगते, एरी हे एवढं समुद्रासारखं सरोवर इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पण शटॉक्वाचं पाणी तिकडे जातच नाही. ते उलटं दक्षिणेला निघतं, छोट्या नदीतून अ‍ॅलेघेनीत, तिथून ओहायोत, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात. शेजारच्या घरी न जाता दोन हजार किलोमीटरवरच्या नातेवाइकांकडे जाणारी माणसं आपण पाहिलीत, तसं.

पोहायला छान, पण ऑगस्टमध्ये नक्की काही सांगता येत नाही. उन्हाळा तापला की निळं-हिरवं शेवाळ येतं, मग किनारा बंद करतात आणि ते बरोबरच आहे, ते शेवाळ विषारी असू शकतं. पाणवनस्पती पण माजतात, त्या कापायला यंत्रं फिरतात तलावात. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या सात दिवसांत चार दिवस बीच बंद होता, नात रडून रडून हैराण. पोहण्यासाठीच जाणार असाल तर जुलै बघा. लाकडी धक्के बघून मला वाटलं कायमचे असतील, पण नाही, हिवाळ्यात तलाव गोठतो आणि बर्फ धक्का चिरडून टाकतो म्हणून दर शरदात सगळे धक्के काढून काठावर रचायचे आणि वसंतात परत लावायचे. घरातले पाइपही रिकामे करून ठेवायचे. दर वर्षी घर मिटायचं, दर वर्षी उलगडायचं. उलगडण्याचं काम ज्याच्या पाळीला येतं त्याला उंदरांच्या लेंड्या झाडाव्या लागतात, त्यामुळे पहिला आठवडा कुणाला नको असतो, तो नव्या सुना-जावयांच्या वाट्याला येतो. जगभर सारखंच.

आता माझी खरी तक्रार, आणि ती ह्या गावाबद्दल नाही, एका भाड्याच्या फ्लॅटबद्दल आहे. पहिल्या वर्षी एक आठवडा घरात दुसऱ्या वाटेकऱ्यांची पाळी होती म्हणून आम्ही दोघांनी एका एजंटकडून जागा घेतली, नाव लिहीत नाही. जाहिरातीत होतं तलाव दोन मिनिटांवर. खरं होतं, जाताना दोन मिनिटंच लागतात. येताना सव्वीस. अख्खं गाव उतारावर आहे, खाली तलाव, वर बाकी सगळं, आणि माझ्या गुडघ्यांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. शिवाय मजला. 'सेकंड फ्लोअर' लिहिलेलं, आम्हाला अमेरिकेचं गणित माहिती झालेलं, त्यांचा दुसरा म्हणजे आपला पहिला, चला जमेल. निघाला पोटमाळा. एजंटला फोन केला तर म्हणे ओसरी धरली नाही का तुम्ही. ओसरी मजला कधीपासून झाली? पैसे आगाऊ दिलेले. तेव्हा भाड्याने घ्याल तर फोटो मागवा, पायऱ्या मोजून विचारा, आणि छोट्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. गावात फिरती बस आहे, तिचं वेळापत्रक आधी घ्या. वेगवेगळ्या चर्चची जुनी मोठी घरं आहेत तिथेही खोल्या मिळतात, साध्या असतात पण माणसं प्रेमळ, धर्म विचारत नाहीत.

खर्च लपवत नाही, महाग आहे. आत शिरायलाच पास लागतो, पूर्ण सीझनचा पास हजारांत जातो आणि तेही डॉलरमध्ये. एका दिवसाचा किंवा आठवड्याचा घेता येतो. पिढ्यानपिढ्या येणारी कुटुंबं म्हणजे ज्यांना पिढ्यानपिढ्या परवडलं ती, हेही तिथे बसून कळतं, ओसऱ्यांवरचे चेहरे बरेचसे एकाच रंगाचे आहेत. माझी नात त्यात उठून दिसते. तिला त्याचं काही नाही, मलाच दोन दिवस होतं.

जमलं तर ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी जा. 'ओल्ड फर्स्ट नाइट' असते, १८७४ च्या पहिल्या रात्रीचा वाढदिवस. सगळं गाव ॲम्पमध्ये. पिढ्या विचारत जातात, आणि तेवढ्या पिढ्या येणाऱ्या घरातली माणसं उभी राहतात. सहा म्हटल्यावर आमचं घर उभं राहिलं आणि नातीने माझा हात ओढून मलाही उभं केलं, मी खाली बसत होते, आमची काय पिढी, आम्ही तर पोटमाळ्यावाले. मग रुमाल. इथे फार जुनी पद्धत आहे, १८७७ मध्ये एक बहिरे वक्ते आले होते, टाळ्या त्यांना ऐकू येणार नाहीत म्हणून सगळ्यांनी पांढरे रुमाल हलवले, तेव्हापासून मोठा मान द्यायचा तर रुमाल. त्या रात्री वर्षभरात गेलेल्यांसाठी रुमाल वर धरतात आणि अगदी सावकाश खाली आणतात, आवाज नाही काही नाही. माझ्याकडे रुमाल नव्हता, पर्समध्ये कागदी नॅपकिन सापडला. विहीणबाईंच्या सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या, हॅटवाल्या. शेजारी बघितलं तर विहीणबाईंचा रुमाल खाली आलाच नव्हता, बाकीच्यांचे आले तरी.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर बाहेर सलाड, पिझ्झा, फ्राइज ह्यावर आठवडा निघत नाही, स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या. मी कुकर नेला होता लेकीचा. पहिल्याच दिवशी डाळ लावली, पहिली शिट्टी झाली तशी शेजारच्या ओसरीवरचं वाचन थांबलं, दुसऱ्या शिट्टीला समोरचे आजोबा उठून उभे राहिले, तिसरीला विहीणबाई ओले हात घेऊन धावत आल्या आणि मी म्हटलं, झालं, आता बंद. आमटीभात मात्र त्या आजोबांनी पण खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा शेगडीच्या वर एक नवी चिठ्ठी होती, विहीणबाईंच्या अक्षरात: 'तीन शिट्ट्या. घाबरू नये.' खाली नातीने वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलंय, 'मग भात'. अकरा वाटेकऱ्यांच्या मिटिंगमध्ये म्हणे कुकर घरातच ठेवण्याचा ठराव पास झाला, एकमताने, ते दोन मावसभाऊ धरून. त्यामुळे जाणार असाल आणि ते घर भाड्याने मिळालं तर कुकर नेऊ नका, गॅसकेट तेवढं नवं न्या, त्याचं मागच्या वर्षीच सैल झालं होतं.